पाचशे लिटरची टाकी, एका टेबलाची प्रयोगशाळा

उरणजवळच्या मोरा बंदरावर एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या. मालक बहुतेक पारशी. मोहाची फुले गुजरातेतून यायची आणि गाळलेली दारू समुद्रमार्गे मुंबईला जायची. मुंबई इलाख्यात ही देशी दारू दोन ठरलेल्या प्रतींत विकली जाई: 25 अंश अंडर प्रूफ आणि 60 अंश अंडर प्रूफ, म्हणजे ठरलेल्या प्रमाण कडकपणापेक्षा तितक्या अंशांनी सौम्य. कर कडकपणावर ठरायचा, म्हणून कडकपणा मोजणे आले आणि त्यासाठी सायक्सचे पितळी हायड्रोमीटर आले. रायगडच्या किनाऱ्यावर दारूची शास्त्रीय तपासणी अवतरली ती अशी, सरकारी तिजोरीसाठी. पिणाऱ्याच्या पेल्यात काय पडते, दारू स्वच्छ आहे की नाही, कालची आणि आजची सारखी आहे की नाही, हे त्या मोजमापात कुठे येत नव्हते.

या प्रकरणात तेच प्रश्न घ्यायचे आहेत, आणि तेही लहान बिअर उत्पादकाच्या बाजूने. मोठ्यांची सोय झालेली असते. याच जिल्ह्यात तळोजा एमआयडीसीत युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना आहे. अशा कारखान्याला स्वतःची प्रयोगशाळा, केमिस्ट, महागडी यंत्रे परवडतात. पण 2009 साली पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी नावाचा जो लहान धंदा वाढला, तिथे दोन-तीन माणसे आणि पाचशे-हजार लिटरच्या टाक्या असतात. पाचशे लिटरची एक बॅच आंबट झाली तर 330 मिलीचे दीड हजार पेले गटारात जातात. त्याहून वाईट म्हणजे ती बॅच गटारात न जाता गिऱ्हाइकापुढे जाते. असा उत्पादक बहुधा म्हणतो की लॅब आपल्याला परवडत नाही. माझे म्हणणे उलट आहे. बिअरच्या ज्या चाचण्या सर्वांत जास्त नुकसान वाचवतात, त्या सर्वांत स्वस्त आहेत. त्यांना पैशापेक्षा रोजची शिस्त जास्त लागते.

सुरुवात हायड्रोमीटरपासूनच करू, कारण काचेचे हे उपकरण काही शे रुपयांत मिळते. माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेल्या गोड रसाला वर्ट म्हणतात. त्यात साखर विरघळलेली असल्यामुळे तो पाण्यापेक्षा घट्ट, म्हणून हायड्रोमीटर त्यात वर तरंगतो. यीस्टने साखर खाऊन अल्कोहोल केले की द्रव हलका होतो आणि हायड्रोमीटर खाली बसतो. सुरुवातीचे रीडिंग 1.048 आणि शेवटचे 1.010 असेल तर दोन्हींतला फरक 0.038, त्याला 131.25ने गुणले की अल्कोहोल जवळजवळ 5 टक्के येते. आपल्याकडे 5 टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि त्यापुढे 8 टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग, म्हणजे हा आकडा अगदी रेघेवरचा आहे.

आता किनारा इथे कसा आडवा येतो ते पाहा. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंश सेल्सिअसला बेतलेले असतात. कांडीवर तसे छापलेले असते आणि कोणी वाचत नाही. मे महिन्यात नागावला किंवा मुरुडला नळीत घेतलेला वर्ट 30 अंशांवर असतो. गरम द्रव पातळ, त्यामुळे रीडिंग साधारण अडीच हजारांशाने कमी येते. दिसते 1.048, खरे असते 1.050च्या पुढे. शेवटचे रीडिंग मात्र थंड टाकीतून काढलेले, ते बरोबर. परिणाम असा की कागदावर 5 टक्क्यांची माइल्ड असलेली बिअर प्रत्यक्षात सव्वापाचच्या वर गेलेली असते. उत्पादन शुल्क विभागाने नमुना नेला, नियमाप्रमाणे ऊर्ध्वपातन करून तपासला, तर चूक उघडी पडणार आणि नियत साफ असली तरी उत्तर द्यावे लागणार. यावर उपाय म्हणजे एक साधा थर्मामीटर आणि भिंतीवर चिकटवलेला दुरुस्तीचा तक्ता. शिवाय नमुन्यातला वायू आधी हलवून काढून टाकायचा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला उचलून धरतात.

स्वस्त चाचण्या बिअरच्या धंद्यात बाहेरून आल्या असा समज असेल तर इतिहास वेगळा आहे. सप्टेंबर 1871 मध्ये लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या पोर्टर बिअरचे यीस्ट पाहिले आणि त्यात नको ते जीव मिसळल्याचे सांगितले. आठवडाभराने ते पुन्हा गेले तेव्हा ब्रुअरीने सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. 1875 मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा उभी राहिली. धान्यातले प्रथिन मोजण्याची केल्डालची पद्धत 1883 मध्ये तिथेच निघाली. एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची हान्सेनची युक्तीही त्याच वर्षाची आणि तिथलीच. आम्लता मोजायची पीएचची मोजपट्टी सोरेनसेनने तिथे 1909 मध्ये आणली. आपल्या शाळेच्या पुस्तकातला पीएच बिअरच्या कारखान्यातून आलेला आहे. मला सर्वांत मोलाचे वाटते ते या प्रयोगशाळेच्या घटनेतले कलम: महत्त्वाचा कोणताही निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही. त्या मोकळेपणामुळेच आज पाचशे लिटरवाल्याला या पद्धती फुकट मिळतात.

आता रायगडच्या किनाऱ्याची हवा. इथे आंबवणे ही नवी गोष्ट नाही. रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत नारळाच्या वाड्या आहेत आणि माड छेवून माडी काढण्याची भंडारी समाजाची विद्या जुनी आहे. पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, ठिबकणारा ताजा रस गोड असतो, त्याची आम्लता जवळजवळ पाण्यासारखी. सूर्य उगवायच्या आत, चुना लावलेल्या मडक्यात उतरवला तर ती नीरा. चुन्यामुळे सूक्ष्मजीवांना वाढता येत नाही. चुना नसेल तर मडक्यातच आंबायला सुरुवात होते. काही तासांत लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू आणि यीस्ट कामाला लागतात, दिवसभरात अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ठेवली तर अॅसेटिक जीवाणू तिचा शिरका करतात. माडीत झायमोमोनास नावाचा जीवाणूही भरपूर असतो, आणि तोही साखरेचे अल्कोहोल करतो. माडीत तो कामाचा. वरून साखर घातलेल्या बिअरमध्ये मात्र तोच कुजक्या सफरचंदाचा आणि गंधकाचा वास सोडतो.

वाडीजवळ ब्रुअरी असेल तर ही सगळी सेना शेजारी असते. पिकलेल्या फळांवर, माडीच्या मडक्यावर बसणारी बारीक फळमाशी अंगावर यीस्ट आणि अॅसेटिक जीवाणू घेऊन फिरते. उघड्या व्हॉल्व्हवर सुकलेला वर्टचा थेंब तिला पुरतो. त्यात किनाऱ्याची दमट उष्णता. म्हणून थंड हवेत अधूनमधून पुरणारी तपासणी इथे प्रत्येक बॅचला करावी लागते.

सुदैवाने तीच उष्णता एका चाचणीत उपयोगी पडते. वर्ट उकळून, थंड करून टाकीत सोडताना, यीस्ट घालण्याआधी, नळाच्या तोंडावर स्पिरिटची ज्योत फिरवून शंभर मिली वर्ट निर्जंतुक बाटलीत घ्यायचा आणि 30 अंशांवर ठेवायचा. थंड देशात यासाठी इन्क्युबेटर लागतो. अलिबागला वर्षातले कितीतरी महिने कपाटाचा वरचा कप्पा पुरतो. तीन दिवस वर्ट नितळ राहिला तर पाइप, प्लेट-कूलर, नळ स्वच्छ आहेत. दुसऱ्याच दिवशी गढूळ झाला, बुडबुडे आले, तर कुठेतरी घाण साचली आहे. तोवर टाकीतली बिअर आंबत असते आणि ती वाचवता येईलच असे नाही, पण पुढची बॅच घेण्याआधी पाइप उघडून घासता येतो. बाटल्या निर्जंतुक करायला घरचा प्रेशर कुकर चालतो: वाफेचा दाब चौरस इंचाला 15 पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे 120 अंश, आणि पूर्ण दाब आल्यापासून वीस मिनिटे. हात आणि नळ पुसायला 70 टक्के अल्कोहोल घ्यावे. शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जाते आणि पेशीत शिरायला त्याला जे पाणी लागते ते त्यात नसते.

यीस्ट मोजणे हे काम मात्र जरा सावकाश समजून घ्यायला हवे. विद्यार्थ्यांचा सूक्ष्मदर्शक साधारण दहा-वीस हजारांत येतो. सोबत न्यूबावर चेंबर लागते, म्हणजे रक्तपेशी मोजायला पॅथॉलॉजीवाले वापरतात ती चौकटी कोरलेली काच. मागच्या बॅचच्या तळातून काढलेले दाट यीस्ट हजारपट पातळ करायचे, त्यात मेथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा आणि काचेवर सोडायचे. चारशेपट मोठे करून पाहिले की रेघांच्या जाळीत गोल पेशी दिसतात. जिवंत पेशी आत शिरलेल्या रंगाचा निळेपणा घालवून टाकते, म्हणून पांढरी दिसते. मेलेली निळी राहते. काही पेशींच्या कडेला लहान कोंब असतो. कोंब अर्ध्याहून मोठा असेल तर दोन धरायच्या, नाहीतर एक. हा नियम एकदा ठरवला की बदलायचा नाही.

मधल्या मोठ्या चौकोनावर फक्त एका मिलीचा दहा हजारावा भाग मावतो. तिथे 120 पेशी मोजल्या, तर त्याला दहा हजारांनी आणि मग पातळ केल्याच्या हजाराने गुणायचे: एका मिलीत 120 कोटी पेशी. त्यांतल्या 10 टक्के निळ्या असतील तर कामाच्या 108 कोटी. आता 12 अंश प्लेटोच्या, म्हणजे 12 टक्के साखरेच्या, पाचशे लिटर वर्टला एल बिअरसाठी मिलीमागे 90 लाख पेशी लागतात असे धरले तर एकूण साडेचार लाख कोटी झाल्या. भागाकार केला की सव्वाचार लिटरच्या जरा आत दाट यीस्ट पुरते. पण त्याच यीस्टच्या 40 टक्के पेशी मेलेल्या निघाल्या, तर सव्वासहा लिटर लागते. आणि 40 टक्के मेलेले यीस्ट वापरूच नये, हे त्याहून खरे. नजरेने ओतणाऱ्याला दोन्ही भांडी सारखीच दिसतात. एक बॅच चार दिवसांत नीट आंबते, दुसरी अर्ध्यावर रेंगाळते, आणि त्या रेंगाळण्याच्या दिवसांत नको ते जीवाणू हातपाय पसरतात.

किती पेशी मोजल्या म्हणजे पुरे, हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या विल्यम गॉसेटने सोडवला. 1907 मध्ये त्याने दाखवले की मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढा गोंधळ नशिबाचा असतो. शंभर मोजल्या तर दहा इकडे-तिकडे, म्हणजे 10 टक्के. चारशे मोजल्या तर वीस इकडे-तिकडे, म्हणजे 5 टक्के. पुढच्याच वर्षी त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने थोड्या नमुन्यांवरून अनुमान कसे काढावे ते लिहिले आणि संख्याशास्त्राचे ते एक मोठे पान झाले. पाचशे लिटरवाल्याने यातून एवढेच घ्यावे: तीन-चारशे पेशी मोजेपर्यंत उठायचे नाही.

एका चाचणीला तर पैसाच लागत नाही. आंबणे संपत आले की बिअरचे दोन ग्लास घ्यायचे आणि झाकायचे. एक 60 ते 70 अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटे ठेवायचा, मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून वास घ्यायचा. गरम केलेल्यात लोण्यासारखा वास आला आणि दुसऱ्यात नाही, तर बिअरमध्ये डायअॅसिटिलची कच्ची सामग्री अजून शिल्लक आहे. टाकी लगेच थंड केली तर यीस्ट खाली बसेल आणि तो वास महिनाभराने गिऱ्हाइकाच्या ग्लासात उगवेल. दोन दिवस थांबले तर यीस्ट स्वतःच तो निस्तरते. टाकी रिकामी करायची घाई असते तेव्हाच ही चाचणी सर्वांत जास्त लागते.

पीएच मीटरबद्दल थोडक्यात. पेनासारखा मीटर दोन-तीन हजारांत मिळतो, पण 4 आणि 7च्या बफरवर रोज जुळवला नाही तर त्याचा आकडा फसवा. त्याचे टोक डिस्टिल्ड पाण्यात ठेवले की मीटर बिघडतो. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावे. तयार बिअर 4 ते 4.5च्या आसपास असते. टाकीतली बिअर अचानक त्याखाली घसरू लागली तर आंबटपणा जिभेला कळायच्या आधी मीटरला कळतो. पाण्याचे म्हणाल तर उमटे धरणाचे नळपाणी आणि चौल-रेवदंड्याकडची उन्हाळ्यात मचूळ होणारी विहीर यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि टीडीएस मीटर तो लगेच दाखवतो. मचूळ पाण्यातले क्लोराइड चवीपुरते थांबत नाही, ते 304 जातीच्या स्टीललाही बारीक छिद्रे पाडते, आणि त्या छिद्रांत जीवाणू लपतात.

काही चाचण्या मात्र बाहेरच करून घ्याव्यात. विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लहान उत्पादकाच्या आवाक्यात नाही. त्याऐवजी प्रत्येक बॅचची एक बाटली फ्रीजमध्ये आणि दुसरी उकाड्यात फळीवर ठेवावी. तीन आठवड्यांनी फळीवरच्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागला तर भरताना हवा शिरते आहे. जड धातू, बुरशीची विषे, अल्कोहोलचा कायदेशीर आकडा यांसाठी एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळा हवी. शुद्ध यीस्ट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून, एनसीआयएममधून, विकत घेता येते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचा विभाग आहे. जीवाणू वाढवायची तयार माध्यमे मुंबईची हायमीडिया बनवते. त्यात यीस्टची वाढ रोखणारे सायक्लोहेक्झिमाइड घातले की फक्त जीवाणूंच्या वसाहती दिसतात.

माणसांची तर रायगडात वाण नाही. रोहा-धाटाव, महाड, तळोजा, पाताळगंगा इथल्या रासायनिक कारखान्यांमुळे 'क्यूसीला आहे' असे सांगणारी मुले या जिल्ह्यात गावोगाव भेटतात. टायट्रेशन, बफर, नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी, हे त्यांच्या हाताचे काम आहे. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आठवड्याला दोन संध्याकाळी अशा एका केमिस्टला बोलावणे कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडते.

आणि ज्या शेजाऱ्याची विद्या जुनी, त्याच्या माडीलाही ही टेबलावरची प्रयोगशाळा लागते. महाराष्ट्रात ताडी-माडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे पुन्हा पुन्हा पकडली गेली आहेत. हे झोपेचे औषध आहे आणि त्याची सवय लागते. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मेथॅनॉलच्या गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा तपासणी आठवली. रोजच्या माडीची तशी आठवण कोणाला होत नाही. प्रामाणिकपणे माड छेवणाऱ्याला याचा दुहेरी फटका बसतो: भेसळवाल्याचा माल स्वस्त पडतो आणि संशय मात्र सगळ्यांवर येतो. क्लोरल हायड्रेट ओळखायची फुजिवारा चाचणी सोपी आहे. नमुन्यात पिरिडिन आणि कॉस्टिक सोडा घालून परीक्षानळी गरम पाण्यात ठेवली की पिरिडिनच्या थरात गुलाबी-लाल रंग उतरतो. पिरिडिन विषारी आणि उग्र, म्हणून ते काम महाविद्यालयाच्या किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत, धूर ओढणाऱ्या कपाटाखालीच व्हावे. दुकानात करायचे एवढेच: मडक्यातून काढल्या काढल्या पीएच आणि हायड्रोमीटरचे रीडिंग घ्यायचे, वेळ लिहायची आणि बाटली बर्फात घालायची. बर्फाशिवाय माडी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आंबतच राहते आणि तिथे मोजलेला आकडा मडक्यातल्या माडीचा उरत नाही.